डिसेक्शन हॉलमध्ये कडकडून भूक लागते. तुमच्या शरीराने तिथे काय काय केलं?

नवी_स्काल्पेल

डिसेक्शन (शवविच्छेदन) सुरू होऊन काही आठवडे झाले. सुरू व्हायच्या आधी सीनियर लोकांनी यथेच्छ घाबरवलं होतं. चक्कर येईल, उलटी होईल, दिवा लावून झोपावं लागेल वगैरे. त्यातलं मला काहीही झालं नाही. झालं ते भलतंच, आणि त्याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मला तिथे भूक लागते. साधीसुधी नाही. टेबलाशी उभं राहून अर्धा-पाऊण तास झाला की पोटात कावळे ओरडायला लागतात, तोंडाला पाणी सुटतं. समोर काय आहे ते दिसतंय, ज्यांनी स्वतःचं शरीर आपल्याला शिकायला दिलं त्यांच्याबद्दल मनात आदर आहे, आणि तरी! मागच्या आठवड्यात आम्ही काख उघडत होतो. चरबीचे कण चिमट्याने वेचत वेचत ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या जाळ्याच्या, नर्व्ह मोकळ्या करायच्या. अतिशय किचकट काम, सगळे माना खाली घालून गप्प. त्या शांततेत माझं पोट असं काही गुरगुरलं की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. हसण्यावारी गेलं, पण मला स्वतःचीच जरा किळस आली.

प्रश्न दोन. हे शव टिकवायच्या फॉर्मॅलिनमुळे होतं असं सगळे सांगतात, ते खरं आहे का? आणि तुमच्या बाबतीत काय अनपेक्षित घडलं? मनाचं नको, ते सगळीकडे वाचायला मिळतं. शरीराचं सांगा.

हाडांचा_हिशेब

चांगला धागा. मी बरीच वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आणि पुढे शिक्षक म्हणून अशाच हॉलमध्ये काढली आहेत, त्यामुळे माझ्याकडे स्वतःच्यापेक्षा इतरांचे किस्से जास्त.

भूक ही तक्रार मी दरवर्षी ऐकली. फक्त ती कुणी मोठ्याने करत नाही, कानात येऊन सांगतात. त्याखालोखाल जांभया. नवे शिक्षक चिडतात, त्यांना वाटतं मुलं कंटाळली. पण पहिल्या तासाला कुणी लागोपाठ जांभया देत असेल आणि ओठांचा रंग उडाला असेल तर त्याच्यावर ओरडायचं नसतं, त्याला धरायचं असतं. मग हसू. अनावर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या मुलांना बाहेर काढलं तर बाहेर जाऊन ती रडतात किंवा आणखी हसतात, दोन्ही पाहिलंय. आणि ग्लोव्हज घातले रे घातले की नाकाचा शेंडा खाजायला लागणं. याला अपवाद मी पाहिलेला नाही.

मुलं आपसात पैजा लावतात, कोण पडणार. ज्याच्यावर पैज लागते तो क्वचितच पडतो. पडतो तो मागे उभा राहून दुसऱ्याला धीर देणारा, बहुधा उंच, गुडघे ताठ करून भिंतीसारखा उभा असलेला.

आणि कोणत्या भागाला कोण बिचकेल याचाही भरवसा नाही. छातीच्या पोकळीत बिनदिक्कत हात घालणारी मुलं हाताचा पंजा उघडायची वेळ आली की थबकतात. नखं दिसतात ना. नखावर रंगाचा एखादा ठिपका उरलेला असला तर संपलंच.

काळजी करू नकोस. सगळ्याची सवय होते.

उगाच_एक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, म्हणून स्पष्ट विचारतो. मृत माणसासमोर भूक लागते म्हणजे संवेदना बोथट झाल्याचंच लक्षण ना? त्याला विज्ञानाचं पांघरूण कशाला?

नवी_स्काल्पेल

हाच प्रश्न मी स्वतःला विचारून झोप घालवली आहे, त्यामुळे राग नाही. पण बोथट झालं असतं तर किळस आली नसती, नाही का?

रसायनी

मी रसायनांच्या कामातली, डॉक्टर नाही. फॉर्मॅलिन मात्र रोजच्या ओळखीचं.

पहिल्यांदा ते काय आहे ते सांगते. फॉर्मल्डिहाइड हा वायू. तो पाण्यात साधारण ३७ ते ४० टक्के विरघळवला की ते फॉर्मॅलिन. शव टिकवायच्या द्रावणात ते पातळ करून घेतात आणि सोबत बहुधा अल्कोहोल, ग्लिसरीन, फिनॉल असं काही असतं. म्हणजे हॉलमध्ये येतो तो वास एकट्या फॉर्मॅलिनचा सहसा नसतो. ते प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं, म्हणून ऊती कडक होतात, कुजत नाहीत. दुर्दैवाने त्याला मेलेलं प्रथिन आणि जिवंत प्रथिन यातला फरक कळत नाही. तुमच्या नाकाच्या आतली त्वचा आणि डोळ्याचा पृष्ठभागही त्याच्या दृष्टीने प्रथिनंच.

डोळे चुरचुरणं, नाक गळणं, घसा खवखवणं हे नुसतं 'वासामुळे' नसतं. वासाची नर्व्ह वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. झोंबणं ट्रायजेमिनल नर्व्ह कळवते. तिच्या टोकांवर टीआरपीए१ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, मोहरीच्या तेलाचा झणका ज्यांच्यावर बसतो तेच. फॉर्मॅलिनमुळे होणारी वेदना याच ग्राहकांमार्फत होते हे २००७ साली दाखवलं गेलं. म्हणून सर्दीने वास पार गेलेल्या माणसाचेही तिथे डोळे पाझरतात.

आता भूक. फॉर्मल्डिहाइडच्या ज्ञात परिणामांत डोळे-नाक-घशाची आग आहे, खोकला आहे, डोकेदुखी आहे, मळमळ आहे. भूक वाढणं नाही. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ते मोठ्या प्रमाणात दिलं तेव्हा त्यांचं खाणं उलट कमी झालं. तेव्हा 'फॉर्मॅलिनने भूक लागते' ही एका बॅचने दुसऱ्या बॅचला सांगत आलेली गोष्ट आहे असं माझं मत. भूक खरी, कारण चुकीचं.

माझ्या मते कारण सरळ आहे. उलटी होईल या भीतीने मुलं सकाळी काही न खाता येतात. नंतर दोन-तीन तास उभं राहून बारीक कामात लक्ष. सुरुवातीची धडधड भूक दाबून ठेवते, धडधड ओसरली की दाबलेलं सगळं एकदम वर येतं. आणि लाळ सुटण्याबद्दल एक वेगळीच शक्यता: उलटी व्हायच्या आधीही तोंडाला असंच पाणी सुटतं. पोटातलं आम्ल दातांवर येणार असतं, त्याआधी लाळेचा थर चढवून ठेवायची शरीराची तयारी. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे भूकच, असं नाही.

रेघोट्या

मी शिल्पकलेची विद्यार्थिनी. आम्हाला हॉलमध्ये बसून रेखाटनं करायची परवानगी मिळते, कापायचं नसतं.

रसायनीताई, तुमच्या मताला एक छेद देते. मायकेलॅंजेलोने अनेक वर्षं शवविच्छेदन केलं आणि शेवटी सोडलं. का, तर त्याच्या पोटाने संप केला. कोंदिवी हा त्याच्या हयातीतला चरित्रकार, त्याने १५५३ साली लिहून ठेवलंय की शवं हाताळून हाताळून त्याचं पोट इतकं बिघडलं की खाल्लेलं-प्यायलेलं अंगी लागेना. त्या काळी फॉर्मॅलिन नव्हतं. फॉर्मॅलिन नव्हतं तर भूक गेली, फॉर्मॅलिन आहे तर भूक लागते. मग काहीतरी संबंध आहे की!

रसायनी

मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यातली फट बघ. फॉर्मॅलिनने ऊती टिकतात हे फर्डिनांड ब्लुमच्या लक्षात आलं १८९३ मध्ये. त्याआधी टेबलावर जे असायचं ते दर तासाला कुजत जाणारं. मायकेलॅंजेलोचं पोट बिघडवलं ते बहुधा सडण्याच्या वासाने आणि हाताला लागणाऱ्या जंतूंनी. फॉर्मॅलिनने भूक आणली नाही, तिच्या आड येणारी गोष्ट काढून टाकली. सडण्याचा वास असता तर आपल्या नवी_स्काल्पेलबाईंचं पोट कितीही रिकामं असतं तरी गप्प बसलं असतं.

नवी_स्काल्पेल

हे पटलं. आणखी एक गोष्ट आहे, लिहू की नको करत होते. टिकवलेला स्नायू लाल नसतो. राखाडी-तपकिरी, धागे सुटे सुटे. शिजलेल्या मांसासारखा दिसतो. माझ्या टेबलावरचे दोघं मांसाहारी, दोघांनीही सध्या सोडलंय. मी मात्र...

हाडांचा_हिशेब

त्यात अचंबा नाही. उष्णतेने काय किंवा रसायनाने काय, प्रथिनाचं मूळ रूप बिघडलं की रंग जातो आणि धागे सुटतात. मेंदूचा एक कोपरा ओळखतो 'अन्न', दुसरा ओळखतो 'माणूस', आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं व्हायच्या आत पोटाने निर्णय घेतलेला असतो. मांस सोडलेले बहुतेक जण काही महिन्यांत परत खायला लागतात. काही कायमचे सोडतात. दोन्हींत वावगं काही नाही.

भोवळ_चॅम्पियन

माझं ऐका आता. पहिला दिवस, पहिला महिना, अगदी चेहऱ्याचं डिसेक्शनसुद्धा, सगळं निभावलं. मला वाटलं आपण लोखंडाचे. मग कवटी उघडायचा दिवस आला. करवत लागली. दिसत तर काहीच नव्हतं, मी तिसऱ्या रांगेत. पण तो आवाज कानाने नाही, दाढांनी ऐकू येतो. आणि हाडाचा भुगा उडतो त्याचा वास! दात कोरून घेताना खुर्चीत जो जळकट वास येतो ना, तोच. फॉर्मॅलिनची तयारी होती, याची नव्हती.

आधी जांभई आली. मग आणखी एक. मग कुणीतरी आवाज कमी केल्यासारखं सगळं लांब गेलं, डोळ्यांसमोर कडेने काळं येत येत मधे एक भोक उरलं. मी 'मला बसायचंय' एवढं म्हणालो असं मला आठवतं. मित्र म्हणतात काहीही म्हणाला नाहीस, सरळ आडवा झालास. पडल्यावर हातपाय झटकले म्हणे, त्यामुळे कुणीतरी फिट आली म्हणून ओरडलं आणि डिसेक्शन राहिलं बाजूला.

रात्रपाळी

नर्सिंगमध्ये आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये नव्या मुलामुलींना सावरणं हा आमचा जोडधंदाच, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला आली ती फिट नव्हे. मेंदूला रक्त कमी पडलं की काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, साध्या भोवळीतही. अशा भोवळीला व्हेसोव्हेगल म्हणतात. आपण नुसते उभे राहिलो तरी अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली पोट-पायांकडे उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात. गुडघे ताठ करून पुतळ्यासारखं उभं राहिलं की तो पंप बंद. त्यात गरम खोली, रिकामं पोट, कमी पाणी. मग एखादं दृश्य किंवा आवाज निमित्त होतो, हृदयाचे ठोके आधी वाढतात आणि मग एकदम उतरतात, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब कोसळतो. जांभई, दरदरून घाम, मळमळ, कानात दडे बसणं, डोळ्यांपुढे अंधारी, ही सगळी आगाऊ सूचना. ही सूचना मिळते तेव्हा हातात थोडाच वेळ असतो. त्या वेळात लाज सोडून खाली बसायचं, शक्य असेल तर आडवं व्हायचं. उंच स्टुलावर बसायचं नाही! स्टुलावरून पडलं तर डोकं फुटतं. पडलेल्याला आडवं ठेवून पाय वर घ्यायचे, उठवून उभं करायची घाई करायची नाही. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखलं किंवा धडधडतंय म्हणाला, तर मात्र डॉक्टर.

यावर एक युक्ती आहे आणि ती खरंच चालते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्त यांनी १९८०च्या दशकात रक्त-जखमेच्या भीतीसाठी ती बसवली. हात, पाय, पोट यांचे मोठे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले नाही. असं पाच वेळा. रक्तदाब वर येतो आणि कोसळायचा टळतो. इतर भीतींत आपण लोकांना 'सैल सोड, खोल श्वास घे' सांगतो, इथे ते सांगितलं तर माणूस लवकर पडतो.

आणि एक. टिकवलेल्या शवातून रक्त वाहत नाही. म्हणून रक्ताला घाबरणारी कितीतरी मुलं डिसेक्शन आरामात पार पाडतात आणि पुढे वॉर्डात पहिल्यांदा कुणाची शीर टोचताना जमिनीवर दिसतात. डिसेक्शनमध्ये काही झालं नाही म्हणजे पुढचं सगळं सुकर, असं धरून चालू नका. ही प्रवृत्ती घराण्यातही असते, आईला किंवा काकांना विचारून बघा.

भोवळ_चॅम्पियन

आजोबा लस टोचून घेताना पडले होते, हे मला घरच्यांनी मी पडल्यावर सांगितलं. आता बोला.

उगाच_एक

म्हणजे ज्याचं शरीर असं वागतं त्याने हा पेशा निवडूच नये, असाच अर्थ निघतो की.

पानगळ

अहो उगाच_एक, तुम्ही नावाला जागताय :)

हेक्टर बर्लिओझ, नंतरचा थोर संगीतकार, १८२१ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेला. पहिल्यांदा विच्छेदनाची खोली बघितली आणि खिडकीतून उडी मारून जो पळाला तो थेट घरी. आता हा कायमचा गेला असं वाटेल. तर मित्राने समजावून पुन्हा नेलं आणि त्याच खोलीत त्याला काहीच वाटलं नाही. नुसता थंड तिटकारा. त्या खोलीत चिमण्या यायच्या, त्यांना याने फुप्फुसाचा तुकडा खायला टाकला. हे त्यानेच आठवणींत लिहिलंय. आदल्या वेळी खिडकीतून उडी आणि पुढच्या वेळी चिमण्यांना खाऊ! यातली कोणती प्रतिक्रिया 'खरा' बर्लिओझ? त्याने वैद्यकी सोडली ती संगीतापायी. पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियेवरून कुणाचं भविष्य सांगू नये.

रात्रपाळी

+१. आमच्याकडचे एक उत्तम सर्जन विद्यार्थी असताना थिएटरात आडवे झालेले आहेत. ते स्वतःच नव्यांना सांगतात.

डावा_हात

भूक-भोवळ दोन्ही नाही. माझं वेगळंच. मनगटाच्या पुढच्या बाजूला छेद घेतला की माझ्याच मनगटात त्याच जागी मुंग्या येतात. वेदना नाही, पण कुणी तिथे बोट टेकवल्यासारखं. पायाचा तळवा करत होतो तेव्हा अख्खा तास बूट काढून तळवा चोळावासा वाटत होता.

आणि घरी आल्यावर स्वतःला चाचपायचा नाद लागलाय. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवलं की मधे जी दोरी उभी राहते ती पाल्मारिस लॉंगस. काही जणांना ती नसतेच, आणि नसली तरी हाताचं काही अडत नाही. मला उजव्या हातात आहे, डाव्यात नाही! इतकी वर्षं हा हात वापरतोय आणि पत्ता नव्हता. बसमध्ये लोकांच्या मानेकडे बघून स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू मोजत बसतो. समोरच्याने एकदा 'काय आहे?' असं विचारलंसुद्धा.

रेघोट्या

बघणं बदलतं ते आमच्याकडेही होतं. मॉडेलकडे बघताना आता त्वचा दिसायच्या आधी खालचं दिसतं. पण शरीराने केलेलं विचाराल तर, रेखाटताना माझा हात गार पडतो. फक्त उजवा, पेन्सिल धरलेला.

मऊ_सांधे

आमच्याकडे थील पद्धतीने टिकवलेली शवं आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वाल्टर थील यांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. फॉर्मल्डिहाइड नावापुरतं, रंग बराचसा जिवंत माणसासारखा आणि सांधे पूर्ण हलते. तुम्हाला वाटेल, वास नाही म्हणजे मजा. मजा कसली. कडक, राखाडी शरीराला मेंदू 'वस्तू' म्हणून खपवून घेतो. इथे तसं होत नाही. सरांनी कोपरापुढच्या हातातला एक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चिमट्यात धरून ओढला आणि बोट वाकलं. अख्ख्या टेबलाने एक पाऊल मागे घेतलं. कुणी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप गेले. आणि मी बघितलं तर आमच्यातल्या निम्म्यांची स्वतःची बोटं वाकलेली होती.

हाडांचा_हिशेब

हे भारी आहे. फॉर्मॅलिनच्या कडक बोटांत हे इतकं स्पष्ट कधी दिसत नाही.

वास_जाईना

मला वासाबद्दल विचारायचंय. हॉलमध्ये शिरल्यावर थोड्या वेळाने वास येईनासा होतो. पण घरी येऊन अंघोळ केली, कपडे धुतले, केस दोनदा धुतले तरी जेवायला बसलं की ताटातून तोच वास. आई शेजारी बसते, तिला येत नाही. हे डोक्यात आहे की केसांत?

रसायनी

दोन्ही शक्य. केस आणि सुती कपडे वास धरून ठेवतात, ग्लोव्हज काढल्यावर हाताला चरबीचा ओशट थर राहतो. केस बांधून टोपीत घाल, एप्रन घरी आणायचाच असेल तर बंद पिशवीत आणि वेगळा धू. एवढं करूनही येत असेल आणि शेजारच्याला येत नसेल, तर ती आठवण. बाकीच्या संवेदना मेंदूतल्या थॅलॅमसच्या चौकीतून पुढे जातात, वास ती चौकी टाळून भावना आणि स्मृतीच्या केंद्रांकडे थेट पोचतो. म्हणून तो असा मानगुटीवर बसतो. काही आठवड्यांत उतरतो बहुधा.

पण तू लिहिलेल्या पहिल्या वाक्याकडे माझं जास्त लक्ष गेलं. वास येईनासा होतो म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नव्हे. नाक दमलं, वायू तेवढाच आहे. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग आहे आणि पंधरा मिनिटांसाठी २ भाग. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, तीही अर्ध्या तासाच्या सरासरीची. ही मोजणी यंत्राने करायची असते, नाकाने नाही. २००४ साली हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला गेला. घाबरवत नाही, तो धोका वर्षानुवर्षं त्यातच काम करणाऱ्यांचा, एका वर्षाच्या विद्यार्थ्याचा नव्हे. पण खिडक्या बंद आणि पंखा बिघडलेला असेल तर 'होईल सवय' म्हणून गप्प बसू नका.

त्वचेची_गोष्ट

त्वचारोगाची डॉक्टर आहे. 'सगळ्याची सवय होते' हे वाक्य धाग्याच्या सुरुवातीला आलंय, त्यावरच लिहायला लॉगिन केलं. हाडांचा_हिशेब सर, तुमचा पूर्ण आदर ठेवून, हे अर्धंच खरं आहे.

भीती, हसू, भूक, भोवळ, किळस, यांची सवय होते कारण ती मेंदूची कामं. त्वचेची आणि श्वासनलिकांची गोष्ट नेमकी उलटी असू शकते. फॉर्मल्डिहाइडची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. आधी शरीर त्याची ओळख करून घेतं, त्यात आठवडे किंवा महिने जातात. एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या प्रत्येक वेळी थोड्याशा संपर्कानेही पुरळ, खाज, भेगा. आणि ही खाज हॉलमध्ये येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे विद्यार्थी साबणाला दोष देतात, हवेला देतात, परीक्षेच्या ताणाला देतात. डिसेक्शनच्या वेळापत्रकाला कुणीच दोष देत नाही. सुट्टीत बरं वाटतं आणि हॉल सुरू झाला की परत येतं, एवढं लक्षात आलं तरी निदान निम्मं झालं. पॅच टेस्टने, म्हणजे त्वचेवर त्या पदार्थाची पट्टी चिकटवून, खात्री करता येते.

याचं शेपूट लांब असतं. काही शाम्पू, क्रीम, सौंदर्यप्रसाधनांत फॉर्मल्डिहाइड हळूहळू सोडणारी परिरक्षकं असतात. डीएमडीएम हायडॅंटॉइन, क्वाटर्नियम-१५ ही त्यांतली नावं. एकदा अ‍ॅलर्जी जडली की तीही चालत नाहीत, आणि ती आयुष्यभर राहू शकते.

बोटं बधिर होणं, त्वचा पांढरट सुरकुतलेली दिसणं हेही अंगावर काढू नका. द्रावणात फिनॉल असेल तर ते त्वचा बधिर करतं, म्हणून भाजलेलं कळतसुद्धा नाही. बधिर वाटलं की ग्लोव्हज काढून भरपूर पाण्याने धुवायचं, 'दुखत नाहीये' म्हणून पुढे जायचं नाही.

आणि दमा असलेल्यांना तिथे छातीतून सूं सूं आवाज येत असेल तर तो विषय शिक्षकांच्या कानावर घालायलाच हवा.

हाडांचा_हिशेब

मान्य. मी मनाबद्दल बोलत होतो, पण वाचणारा सगळंच धरून चालेल. खरंतर आमच्या पिढीतले कितीतरी जण उघड्या हातांनी काम करायचे, त्यांच्या बोटांच्या भेगा मला आठवतात. त्याला तेव्हा आम्ही 'अ‍ॅनाटॉमीचे हात' म्हणायचो, आणि जरा मिरवायचोही.

वास_जाईना

नाकाखाली मेंथॉलचं मलम लावून जातात काही जण. त्याने फरक पडतो का?

रात्रपाळी

मेंथॉल थंडाव्याची जाणीव देतं, वायू अडवत नाही. उलट नाक मोकळं वाटलं की माणूस खोल श्वास घेतो. साधा सर्जिकल मास्कही कणांसाठी, वायूसाठी नाही. एन९५चंही तेच. फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळी कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. त्याहून सोपं म्हणजे टेबलाखाली हवा ओढणारी सोय असेल तर ती चालू आहे ना बघणं, आणि पोकळीत डोकं घालून बसण्याऐवजी अवयव ट्रेमध्ये काढून बघणं. वाकलं की नाक थेट उगमावर असतं.

नवी_स्काल्पेल

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता पोटभर खाऊन जाते. भूक तरी लागते, पण उशिरा आणि बेताची. रसायनीताईंचा अंदाज माझ्यापुरता तरी खरा निघाला. काखेचं काम संपलं, आता कोपरापुढचा हात सुरू आहे, आणि डावा_हात यांच्यामुळे मी पण पाल्मारिस शोधत बसले. दोन्हीकडे आहे.

एक राहिलं. आमच्याकडे लेटेक्सचे पातळ ग्लोव्हज मिळतात. मी दोन चढवते, तरी तास संपेपर्यंत बोटांना वास येतोच. आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेलं तर चालतं का? चष्म्यावर वाफ धरते, म्हणून विचारतेय.

त्वचेची_गोष्ट

पातळ लेटेक्समधून फॉर्मल्डिहाइड बरंच लवकर आत येतं. नायट्राइल घे, आणि तेही अमर नसतं. मधेच एकदा बदल, फाटलं तर लगेच. बदलताना हात धुऊन कोरडे कर, ओल्या हातावर नवा ग्लोव्ह चढवला तर आत आलेलं आतच कोंडून राहतं. लेन्स नको. वाफ आणि शिंतोडे लेन्सखाली अडकतात, आणि डोळ्यात काही उडालं तर आधी लेन्स काढण्यात वेळ जातो. चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो, तो घाल. वाफ धरत असेल तर मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबलेली नाही.

भोवळ_चॅम्पियन

आणि गुडघे सैल ठेव गं बाई.